आठ फळ्यांचं बिऱ्हाड

जन्मात कधी घर न सोडता सगळीकडे फिरून आलेला माणूस कुणाला पाहायचा असेल, तर त्याने रोह्याला आमच्या साडूंकडे जावं. बाकीचे लोक प्रवासाला निघाले की घराला कुलूप लावतात, दूधवाल्याला नाही म्हणून सांगतात आणि किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवतात. आमचे साडू प्रवासाला निघाले की घरच बाहेर काढत. गॅस, पाटा-वरवंटा, देव, तुळस, दाराचं तोरण, दाराची बेल, एवढंच काय, उंदरांचा पिंजरासुद्धा. "साडूभाऊ," ते मला म्हणत, "हॉटेलात माणूस झोपतो तो कुणाच्या गादीवर, म्हायती तरी हाय का?" मला माहीत नसे. ते म्हणत, "मग?" आणि त्या एका 'मग'वर जगातली सगळी हॉटेलं निकालात निघत.

साडू हे नातं मोठं चमत्कारिक आहे. ते रक्ताचं नाही आणि मैत्रीचंही नाही. एकाच सासऱ्याने दोघांना पसंत केलं, एवढ्या एका पुराव्यावर दोन परके पुरुष जन्मभर एकमेकांच्या घरी दिवाळीचा फराळ खात राहतात. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळेच आक्का म्हणतो, ती या गृहस्थांना दिलेली. ते रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला फोरमन होते. मी पेणचा, सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेला. आलेल्या कागदावर शेरा मारायचा आणि तो पुढच्या टेबलावर सरकवायचा, यात माझा जन्म गेला. त्यामुळे दुसऱ्याच्या भानगडीकडे अंग राखून बघायची मला सवय आहे, आणि साडूंच्या बाबतीत ती फार कामाला आली.

त्यांच्या कंपनीने कामगारांना ने-आण करणारी जुनी बस मोडीत काढली, तेव्हा साडूंनी ती घरी आणली. वीस वर्षं त्याच बसच्या त्याच खिडकीशी बसून ते शिफ्टला गेले होते. म्हणाले, "हिला भंगारात कशी देऊ? हिनं माझी एकपन शिफ्ट चुकवली नाय." बस अंगणात शिरेना, म्हणून दारातला फणस तोडला. फणस तोडला म्हणून आक्का तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी त्यांनी त्याच फणसाच्या आठ फळ्या कापून आणल्या आणि बसमध्ये रेल्वेसारख्या झोपायच्या जागा केल्या. तेव्हा ती आत जाऊन बघून आली आणि म्हणाली, "बरं झालं, फणस घरातच ऱ्हायला." पुढची दोन वर्षं ते शिफ्टवरून आले की बसखाली शिरत आणि जेवायला बाहेर येत. मोरी झाली, ओटा झाला, पाण्याची टाकी झाली. बसचं नाव त्यांनी 'बिऱ्हाड' ठेवलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. यांचं सहा चाकांवर होतं आणि दारात चपला काढल्याशिवाय आत प्रवेश नव्हता.

प्रत्येक फळीवर त्यांनी ऑइलपेंटने मालकी लिहिली होती. नावं नव्हती, नाती होती: मी, मुलगा, सून, मुलगी, जावई, मेहुणी, साडू आणि ही. 'मेहुणी' म्हणजे माझी बायको आणि 'साडू' म्हणजे मी. तेव्हा त्यांचा मुलगा अकरावीत होता आणि मुलगी आठवीत. मी विचारलं, "सून आणि जावई कुठे आहेत?" ते म्हणाले, "येतील की. रिझर्वेशन आधीच करावं लागतं." पुढे मुलीला स्थळं येऊ लागली, तेव्हा कांदेपोहे झाले की साडू पाहायला आलेल्या मुलाला "चला, आमची गाडी बघा" म्हणून बाहेर नेत आणि जावयाच्या फळीवर आडवं व्हायला लावत. फळी पाच फूट आठ इंचाची. एक सहा फुटी इंजिनिअर आला होता, मुलीलाही पसंत होता. त्याचे पाय घोट्यापासून बाहेर आले. साडूंनी निरोप पाठवला, "मुलगा चांगला हाय, पन फळीत बसत नाय." मुलीने त्याच्याशीच लग्न केलं. तो एकदा बिऱ्हाडातून आमच्याबरोबर आला, चार रात्री सुनेच्या रिकाम्या फळीवर पाय ठेवून झोपला आणि त्यानंतर त्याला कधी रजाच मिळाली नाही.

बिऱ्हाडाचा कारभार कंपनीच्या शिस्तीने चाले. निघताना एकदा आणि मुक्कामाला पोचल्यावर एकदा, अशी दोनदा हजेरी होई. साडू गळ्यात शिट्टी अडकवत, कानावर पेन ठेवत आणि हजेरीचं कार्ड हातात घेऊन दारात उभे राहत. "मी?" असं स्वतःलाच विचारून "हजर" असं स्वतःच उत्तर देत. मग मुलगा, मग मुलगी. जे अजून नात्यात आलेच नव्हते त्यांचीही नावं पुकारली जात आणि त्यांच्यापुढे 'रजेवर' अशी खूण होई. सर्वांत शेवटी "ही?", कारण शेवटी आत येऊन दार लावायचं काम आक्काकडे. ती आतून ओरडे, "आत हाय! रोज रोज काय विचारता?" त्या उत्तराशिवाय शिट्टी वाजत नसे आणि शिट्टीशिवाय चहा मिळत नसे. मोरीसाठी फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट आणि जनरल. मी कायम जनरलमध्ये. दुसरा चहा मागितला तर तो ओव्हरटाइम, आणि त्यासाठी फोरमनची परवानगी.

आत मागच्या भिंतीला भारताचा नकाशा होता आणि रोह्यापासून काश्मीरपर्यंत लाल दोरा ताणलेला होता. काश्मीरच्या पहिल्या स्वारीत आम्ही ताम्हिणी घाटात चार दिवस काढले, कारण तिथली सावली चांगली होती. दुसऱ्या खेपेला वाईपर्यंत मजल गेली. तिसऱ्या खेपेला आम्ही पुन्हा ताम्हिणीतच थांबलो, कारण वाईपेक्षा तिथलं पाणी बरं होतं. एखादी जागा मनात भरली की साडू इंजिन बंद करत आणि पुढचा प्रदेश तिथेच आहे असं धरून चालत. "काश्मीर काय, पळून जातंय?" लाल दोरा मात्र दर वर्षी नवा बांधला जाई.

या सगळ्यात खरा आनंद कुणाला होत असेल, तर तो आक्काला. तीस वर्षं तिने तीन शिफ्टचे डबे केले. पहाटेचा डबा, दुपारचा डबा, रात्रीचा डबा. तिचं घड्याळ कंपनीच्या भोंग्यावर लागलेलं. बिऱ्हाड निघायचं ठरलं की ती दोन दिवस आधी वाल भिजत घाली, मोड काढी, सोली, सुकटीची बरणी भरी, आणि एरवी कपाळाला आठी असलेली बाई गुणगुणायला लागे. एकदा गाडी सुरू झाली की ती आपल्या खिडकीशेजारच्या फळीवर पाय वर घेऊन बसे आणि काही म्हणजे काही करत नसे. माझ्या बायकोला ती म्हणाली होती, "गो, घरात मला बसायला येळच नाय. गाडी हलल्याबिगर मी बसत नाय." वर्षातल्या त्या दोन फेऱ्या, तेवढंच तिचं फिरणं. दुसरं तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

पुढे मुलगा बंगळूरला गेला आणि तिकडचाच झाला. सुनेने फळी फोटोतच पाहिली. मुलगी नाशिकला. फिरायला आम्ही चौघंच उरलो, पण आठ जणांची हजेरी आणि आठ जणांचं सामान चालूच होतं. बसच्या दाराला तीन पायऱ्या, पहिली गुडघ्याएवढी उंच. शिफ्टला पळत येणाऱ्या धट्ट्याकट्ट्या कामगारांसाठी केलेली. आक्का तिथे येऊन थांबायची, दोन्ही हातांनी दांडा धरायची आणि वळून इकडेतिकडे बघायची. मी तिच्या मागेच उभा असायचो. मला वाटायचं, तिला गाव बघायचंय. हळूहळू ती मुक्कामावर पोचलं की बाहेरच खुर्ची टाकून बसायला लागली. "मला हितंच वारा लागतो." हजेरीला "ही?" म्हटलं की बाहेरून आवाज यायचा, "बाहेर हाय." साडू कार्डाकडे बघत राहत आणि मग शिट्टी वाजवत. त्यानंतरच्या दिवाळीत ती म्हणाली, "तुमी जावा. माज्या घरात कामं पडलीत." बिऱ्हाड गेलं नाही. वर्षभर ते अंगणात उभं होतं आणि त्याच्या बॉनेटवर मिरच्या वाळत होत्या.

मग एक दिवस साडूंचा फोन आला. "बिऱ्हाड दिलं." आवाज कुणी नातलग गेल्याचं कळवावं तसा. मी कारण विचारलं तर त्यांच्याकडे यादीच तयार होती: डिझेल, टायर, पासिंग, वळणं, म्हातारपण, आणि एवढ्या मोठ्या गाडीला आजकाल कुठे सावलीच मिळत नाही. खांबला हायवेवर एकाने ती चहा-मिसळीच्या हॉटेलासाठी घेतली होती. "आता लहान करायची. मागं जोडायची. दोघांपुरती." बाजारात कॅम्पर ट्रेलर म्हणतात तसली गाडी त्यांना घरच्या जुन्या जीपच्या मागे जोडायची होती. नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं: डबी.

माझी बायको हे ऐकून संतापली. "भावजींनी आक्काचं फिरणं बंद केलं. आठ जणांच्या गाडीत ती कंटाळली, तर दोघांच्या डबीत काय करणार आहे? ती चढायची नाही त्या डबीत, सांगून ठेवते. आणि एकदा ती चढली नाही, की संपलं. मग ती घरातून बाहेर पडायचीच नाही." मलाही तसंच वाटलं. शिवाय माझी स्वतःची एक तक्रार होती, ती मी कुणाला सांगितली नाही. मी जन्मभर भाड्याच्या आणि सरकारी घरांत राहिलो. पेणला आता आहे ते घर बायकोच्या नावावर आहे. माझं नातं लिहिलेली जगात एकच फळी होती आणि ती आता खांबला कुणाच्या तरी मिसळीखाली जाणार होती. मला वाईट वाटलं.

बिऱ्हाड रिकामं करायला आम्ही रोह्याला गेलो. आठ जणांचा संसार दोघांत बसवायचा, म्हणून साडूंनी सगळं सामान अंगणात काढलं आणि तीन ढीग केले: लागणारं, न लागणारं आणि हिला विचारायचं. संध्याकाळपर्यंत पहिल्या ढिगात एक स्टोव्ह आणि शिट्टी होती, दुसऱ्यात उंदरांचा पिंजरा, आणि बाकी सगळं तिसऱ्यात. आक्का ओट्यावर बसून होती. प्रत्येक वस्तूला ती म्हणाली, "तुमच्या मनाला येईल ते करा." आठातली दोन ताटं ठेवायची ठरली तेव्हा साडूंनी पाच ठेवली. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "दोन ताटं असली की पावना येत नाय." बेल राहिली. पाटा गेला, वरवंटा राहिला.

आता डबी करून कुठे घ्यायची? पुण्या-मुंबईकडे असल्या गाड्या तयार मिळतात, त्यांचे रंगीत कागद माझ्या पुतण्याने आणून दिले. साडूंनी ते चाळले, प्रत्येक चित्रातल्या दाराकडे चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "नाय." मग पेणला आले आणि आमच्या गल्लीच्या टोकाला एक जण मंडळांच्या मोठ्या गणपतींसाठी लोखंडी ट्रॉल्या बनवतो, त्याच्या शेडमध्ये जाऊन उभे राहिले. पेणला कुणी काय काम करतो विचारलं तर उत्तर गणपतीशीच येऊन थांबतं, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. ट्रॉलीवाल्याला मात्र वाटलं. या ट्रॉलीची एक रीत आहे. मूर्ती पंधरा-वीस फुटांची आणि रस्त्यावरच्या वायरी तेवढ्यातच. म्हणून चाकं बाजूला घेतात आणि मधला तळ जमिनीपासून वीतभर अंतरावर लोंबता ठेवतात, म्हणजे देव वायरीखालून सुखरूप निघतो. साडूंना तसाच तळ हवा होता. वर देव नाही, एक ताडपत्रीचं उघडमीट करायचं छप्पर, आणि तरी तळ वीतभर. मी म्हटलं, "तुमच्या छपराला कुठली वायर लागणार आहे?" ते म्हणाले, "तुमी गाडीची कागदपत्रं बघा." मी बघितली. त्यात मात्र मी कुणाला एक शेरा मारायलाही जागा ठेवली नाही.

महिनाभर त्यांचा मुक्काम आमच्याकडे होता. सकाळी सात ते तीन शेडमध्ये, म्हणजे फर्स्ट शिफ्ट. दुपारी आमच्या घराची तपासणी. खिशात कायम लेव्हलची बाटली, कुठे काय कलतं ते बघायला. एकदा ती माझ्या खाटेवर ठेवून म्हणाले, "साडूभाऊ, तुमची खाट पूर्वेला कलती हाय. म्हनून तुमाला स्वप्नं पडतात." खाटेच्या पायाखाली पुठ्ठा गेला आणि खरोखरच माझी स्वप्नं बंद झाली. नंतर मी तो पुठ्ठा काढून टाकला. ट्रॉलीवाला तर टेकीला आला होता. वेल्डिंगचा चष्मा वर करून तो मला म्हणाला, "काका, गनपतीची ट्रॉली माझी चार दिवसांत होते. देव बोलत नाय ना."

डबी झाली आणि जीपमागे जोडून आम्ही तिला वडखळपर्यंत न्यायचं ठरवलं. नाक्याअलीकडे एक गतिरोधक आहे. जीप वर चढली, उतरली, आणि डबी त्यावर पोट टेकून बसली. पुढेही जाईना, मागेही येईना. दोन्ही बाजूंना गाड्या खोळंबल्या. रिक्षावाले उतरले, सल्ले सुरू झाले. ट्रॉलीचा घाट ओळखून एकाने विचारलं, "आत गनपती हाय काय?" मी नाही म्हणेपर्यंत मागच्या बसमधून उतरलेल्या एका म्हातारीने ताडपत्रीला हात लावून नमस्कार केला होता. मग काय, आठ-दहा जणांनी 'मोरया' म्हणत डबी उचलून पलीकडे ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडू शांतपणे खाली वाकून तळाला पडलेला ओरखडा बघत होते. "चार इंच वर घ्या ही," मी म्हणालो. "नाय." "दोन?" "एक इंच नाय." "अहो, रोह्याच्या वाटेवर कोलाडपर्यंत असे तीस-चाळीस गतिरोधक आहेत!" ते म्हणाले, "मग तीस-चाळीस येळा उतरू. आपल्याला कुटं शिफ्टला जायाचंय?"

घरी आल्यावर बायकोने मला ट्रॉलीवाल्याकडे पिटाळलं. साडू दुपारी झोपले असतील तेवढ्यात जाऊन त्याला सांगायचं, की गुपचूप दोन इंच वर घे, त्यांना कळणारही नाही. मी गेलो, सांगितलं. ट्रॉलीवाला हसला आणि भिंतीला टेकवलेली एक काठी त्याने पुढे केली. काठीवर लाल रंगाच्या दोन खुणा होत्या. "कळनार नाय कसं? काका आले ते ही काठी घेऊनच. ही खालची खूण त्यांच्या मागल्या दाराच्या उंबऱ्याची. ही वरची पडवीच्या पायरीची. म्हनाले, हिचा पाय खालच्या खुनेपर्यंत सरळ येतो. वरच्याला ती भिंत धरते. खालच्या खुनेच्या वर तळ गेला तर गाडी न्यायचा नाय. मी म्हनलं, काकींना एक दिवस आना की, नीट माप घेतो. तर म्हनाले, नको. गुडगं धरल्यालं मला म्हायती हाय, हे तिला म्हायती नाय. कळलं तर ती म्हनंल, माज्यापायी गाडी मोडली."

मी काठी हातात घेऊन उभा राहिलो. दारात थांबून इकडेतिकडे बघणारी आक्का, दोन हातांनी धरलेला दांडा, बाहेरची खुर्ची, वारा. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं आणि मी ते पाहून पुढच्या टेबलावर सरकवलं होतं. आणि हा माणूस, ज्याला आम्ही तीस वर्षं तऱ्हेवाईक म्हणून हसलो, घरातल्या घरात बायको कुठल्या पायरीला भिंत धरते हे बघत काठीवर खुणा करत होता. मला माझी लाज वाटली, आणि साडूंबद्दल इतकी माया दाटून आली की त्या शेडमध्ये मला दोन वेळा नाक शिंकरावं लागलं. ट्रॉलीवाल्याला सांगितलं, तळ आहे तसाच राहू दे. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. आत जाऊन तिने घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

आता प्रश्न एकच उरला होता. आक्का त्या डबीत पाय ठेवणार की नाही? संक्रांत झाल्यावर साडूंनी पहिली फेरी ठरवली. लांब नाही, कोलाडच्या अलीकडे कुंडलिकेच्या काठी आमची सासुरवाडीची जमीन आहे, तिथे. वालाच्या शेंगा भरल्या होत्या, त्या मडक्यात घालून जाळावर भाजायची पोपटी लावायची होती. आक्का माहेरच्या शेतात येते एवढंच म्हणाली. गाडीबद्दल काही नाही. आदल्या दिवशीच दोघं जीप आणि डबी घेऊन आम्हाला न्यायला पेणला आली, आणि सकाळी आम्ही चौघं जीपमधून निघालो. गतिरोधक आला की मी आणि साडू उतरत होतो, दोन फळकुटं टाकत होतो आणि डबी अलगद पार करत होतो. सोळाव्या गतिरोधकानंतर मी मोजणं सोडलं. आक्का पुढे बसून समोर बघत होती. तिने पाटीत वाल आणले होते की नाही हे मी मुद्दाम पाहिलं. आणले होते, मोड आलेले.

खांबला चहाला थांबलो. बिऱ्हाडाला हिरवा रंग दिला होता, खिडकीतून मिसळ बाहेर येत होती. आत फळ्यांवर गिऱ्हाईकं बसली होती. 'जावई'वर एक लांबलचक ट्रक ड्रायव्हर आडवा झाला होता आणि त्याचे पाय बाहेर आले होते. साडूंनी ते पाहिलं आणि मान हलवली. मग लेव्हलची बाटली ओट्यावर ठेवून बघितली, खाली उतरले, एक दगड शोधून मागच्या चाकाला लावला आणि मालकाला म्हणाले, "दक्षिणेला कलली हुती. तरीच तुमचा रस्सा एका बाजूला जातो." मी सवयीने फळ्या मोजल्या. सात होत्या. माझी नव्हती. कुठे गेली ते विचारायला माझा मानी स्वभाव आडवा आला. गिऱ्हाइकाला अडचण होत असेल म्हणून काढली असेल, असं मी धरून चाललो आणि चहा अर्धा टाकला.

शेतात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. साडूंनी लेव्हल लावून जागा ठरवली. चाकांना दगड लावले, छप्पर उचललं, तोरण बांधलं, बेल अडकवली. बायको पोपटीच्या मडक्यात घालायला भांबुर्डीचा पाला आणायला बांधावर गेली. मी डबीचं दार बघायला पुढे झालो. वीतभर उंचीच्या तळाला उंबरा बसवला होता, दाराच्या मापाने कापलेला, फणसाचा. पिवळ्या लाकडावर जुन्या ऑइलपेंटची दोन अक्षरं होती: साडू.

"तुमाला झोपायला जागा नाय त्यात," मागून ते म्हणाले. "पन तुमाला वलांडल्याबिगर कुनी आत जानार नाय." मी म्हणालो, "लोक पाय देतील की माझ्यावर." ते म्हणाले, "उंबऱ्यावर कोन पाय देतं?" आणि शिट्टी शोधायला गेले.

आक्का जीपमधून उतरून नदीकडे बघत उभी होती. मी तिची खुर्ची काढायला गेलो, तर साडूंनी मला डोळ्यांनी थांबवलं. आम्ही दोघं उगाचच चाकांचे दगड हलवायला लागलो. ती सावकाश डबीजवळ आली. दांडा शोधायला तिचा हात उठला, पण दांडा नव्हताच. तिने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कमरेची पुडी सोडून उंबऱ्यावर हळदकुंकवाची बोटं लावली, एक माझ्या 'सा'वर आणि एक 'डू'वर.

साडू दाराकडे पाठ करून, कार्ड घेऊन, शेताकडे तोंड करून उभे राहिले. एरवी ते दाराकडे तोंड करत. "मी? हजर. मुलगा? रजेवर. सून? रजेवर. मुलगी? रजेवर. जावई? रजेवर. मेहुणी?" "हजर," बायको बांधावरून ओरडली. "साडू?" मी म्हणालो, "हजर."

त्यांनी घसा खाकरला.

"ही?"

"आत हाय," आक्का म्हणाली. "रोज रोज काय विचारता?"

साडूंनी शिट्टी वाजवली नाही. ते खूण करायला पेन शोधत राहिले. शर्टाच्या खिशात बघितलं, पँटच्या खिशात बघितलं, गवतात वाकून बघितलं. पेन कानावरच होतं. मी ते सांगितलं नाही.